शिरोरेषेवरून ओघळणारं रक्त

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीच्या आसपास झाडीपट्टीच्या नाटकांचे फ्लेक्स झळकू लागतात. संपादकांनी थरारपटांच्या पोस्टरवर लिहायला सांगितलं, तेव्हा मला हेच आठवले. इथल्या नाटकांतही खून, सूड, संशय असतो, आणि त्यांची जाहिरात सिनेमाचेच संकेत वापरते.

संकेत जुने आहेत. चित्र असलेलं आज शिल्लक राहिलेलं सर्वांत जुनं भारतीय पोस्टर बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चं, १९२४ सालचं मानतात. पुढे दिवाकर करकरेंनी छायाचित्रावर सुरीनं तैलरंग थापून ‘दीवार’सारख्या (१९७५) पोस्टरांतल्या चेहऱ्यांना धग दिली. अर्धा उजेडात, अर्धा काळोखात असलेला चेहरा, काळ्यावर लाल, पाठमोरी आकृती हे सारं आता सवयीचं झालंय.

मी खिळून राहतो ते अक्षरांपाशी. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, देवनागरीला शिरोरेषा बांधून ठेवते. तिला तडा दिला की अख्खा शब्दच मोडल्यासारखा वाटतो. तिच्यावरून रक्त ओघळवायचं, तर हात फार जपून चालवावा लागतो. ओघळ अक्षराच्या पायापर्यंत सरळ उतरला की तो काना होतो, आणि ‘बळी’चं ‘बाळी’ वाचलं जातं. म्हणून तो आखूड, खाली निमुळता आणि जरा वाकडा हवा. ज्याला हे साधतं, त्या कारागिराला मी मोठा मानतो.

पण या कारागिराला फ्लेक्सवर काळोख मिळतच नाही. सॉल बासनं ‘व्हर्टिगो’ (१९५८) या थरारपटाच्या पोस्टरसाठी नारिंगी पार्श्वभूमी, पांढरं आवर्त आणि दोन आकृत्या एवढ्यावर भागवलं, जेम्स स्टुअर्टसारख्या नटाचं फक्त नाव छापलं. इकडे वडशातल्या नाटक कंपनीकडे नाटक ठरवताना गावचं मंडळ आधी कलाकार कोण ते विचारतं. तिकिटं त्यांच्याच नावावर खपतात. त्यामुळे नायक, खलनायक, विनोदी नट, लावणी करणारी कलावती, सगळ्यांचे चेहरे सारख्याच लख्ख उजेडात, शिवाय मंडळाचं नाव आणि बुकिंगचा मोबाइल नंबर. संशयाला जागा उरत नाही.

कलाकारांचं पोट या चेहऱ्यांवर चालतं, तेव्हा ते काढा असं मी म्हणणार नाही. चेहऱ्यांची पट्टी खाली घेऊन वरचा भाग एकाच अर्ध्या चेहऱ्याला देता येईल. मात्र पट्टीतले चेहरे लहान झाले, तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला ते ओळखू यायला हवेत, आणि वरचा मान कोणाला द्यायचा हे आधी कंपनीत ठरायला हवं.