गाडीवरची बोलकी काठी

पोलिसांच्या जीपवर किंवा अग्निशामक दलाच्या बंबावर एक उंच, बारीक काठी तुम्ही पाहिली असेल. गाडी धावू लागली की ती डुलते. गाडी थांबली की ती पुन्हा सरळ उभी राहते. ही काठी शोभेसाठी नसते. तिला अँटेना म्हणतात. गाडीतील माणसाचे बोलणे दूरवर पाठवायचे आणि दूरचे बोलणे पकडून गाडीत आणायचे, हे तिचे काम.

अमेरिकेत मालवाहू ट्रकांवरही असा अँटेना दिसतो. तो देश फार मोठा आहे. माल घेऊन निघालेला चालक चार-चार, पाच-पाच दिवस रस्त्यावर असतो. मध्ये मैलोगणती वस्ती लागत नाही. हिवाळ्यात बर्फ पडते. पुढे अपघात झाला असेल, रस्ता बंद असेल, तर त्याला ते कोण सांगणार? हे काम तेथे एका छोट्या बिनतारी यंत्राने केले. त्याचे नाव सिटिझन्स बँड रेडिओ. लोक त्याला थोडक्यात सी.बी. म्हणतात. सिटिझन म्हणजे नागरिक. सामान्य नागरिकांना बोलण्यासाठी राखून ठेवलेल्या रेडिओलहरी, असा या नावाचा अर्थ.

अमेरिकेत 1958 साली 27 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी या कामासाठी ठरवून दिल्या. तेव्हा त्यांचे 23 भाग, म्हणजे 23 चॅनल होते. 1973 साली अरब देशांनी अमेरिकेला तेल देणे थांबवले. तेथे डिझेलची टंचाई झाली. पुढच्या वर्षी गाड्यांचा वेग ताशी 55 मैल, म्हणजे सुमारे 88 किलोमीटर, इतका मर्यादित केला गेला. कोणत्या पंपावर डिझेल मिळते, पुढे पोलीस कोठे उभे आहेत, हे चालक एकमेकांना सी.बी.वर सांगू लागले. या यंत्राचा प्रसार झपाट्याने झाला. 1977 साली चॅनल 40 झाले. त्यांपैकी 9 क्रमांकाचा चॅनल संकटकाळासाठी राखलेला आहे. 19 क्रमांकाच्या चॅनलवर ट्रकचालक बोलतात. ‘टेन-फोर’ म्हणजे ‘तुमचे बोलणे समजले’, ही त्यांची खूण पुढे सगळीकडे प्रसिद्ध झाली.

आज मोबाइल फोन आल्यामुळे सी.बी.चा वापर पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. तरीही पुष्कळ चालक तो बाळगतात. कारण मोबाइलला मनोरा लागतो आणि तो सहसा एकाच माणसाशी बोलतो. सी.बी.ला मनोरा लागत नाही. काही किलोमीटरच्या टप्प्यात ज्यांचे यंत्र त्या चॅनलवर असेल, त्या सर्वांना एकाच वेळी हाक ऐकू जाते.

पण ही हाक किती दूर जाईल? येथे एक अडचण आहे. सी.बी. यंत्राची ताकद कायद्याने मर्यादित केलेली आहे. साध्या बोलण्यासाठी ती फक्त 4 वॉट असते. घरातला साधा विजेचा दिवासुद्धा बहुधा यापेक्षा जास्त शक्ती घेतो. महाग यंत्र आणले तरी 4 वॉटचे 5 वॉट करता येत नाहीत. म्हणून आहे ती शक्ती वाया न घालवणे हाच उपाय उरतो. आणि ते सर्वस्वी अँटेनावर अवलंबून असते.

अँटेनाची लांबी मनाला येईल तशी ठेवून चालत नाही. याचे कारण समजण्यासाठी झोपाळा आठवा. झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का दिला की तो उंच जातो. चुकीच्या वेळी जोराने धक्का दिला तरी तो अडखळतो. अँटेनाचेही असेच आहे. त्याची लांबी लहरीशी जुळली तर तो थोड्या शक्तीतही चांगले काम करतो. जुळली नाही तर शक्ती अडखळते आणि आल्या वाटेने यंत्राकडे परत जाते.

ही लांबी कशी ठरते ते पाहू. मराठीत आपण ज्याला तरंगलांबी म्हणतो, त्याला तुमच्या उर्दू पुस्तकात ‘तूल-ए-मौज’ म्हणतात. रेडिओलहर एका सेकंदात सुमारे 30 कोटी मीटर धावते. 27 मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 2 कोटी 70 लाख कंपने. 30 कोटींना 2 कोटी 70 लाखांनी भागले की सुमारे 11 मीटर येतात. ही झाली एका लहरीची लांबी. गाडीवर 11 मीटरची काठी कोण उभी करणार? पण लहरीच्या पाव भागाइतकी काठीही चांगली चालते. तरी ती सुमारे पावणेतीन मीटर होते.

एवढी काठीसुद्धा उंच ट्रकवर अडचणीचीच. ती पुलाला किंवा झाडाच्या फांदीला आपटेल. म्हणून कारागीर एक युक्ती करतात. ते तारेचे वेटोळे घालून ती आखूड काठीत बसवतात. वेटोळ्यामुळे काठी दिसायला सव्वा मीटर असली तरी लहरीला ती पुरेशी लांब वाटते. मात्र पूर्ण लांबीच्या काठीइतके चांगले काम ती करत नाही. सोय मिळवायची तर थोडे गमवावे लागते.

आता अँटेना कोठे बसवावा? पाव लांबीची काठी एकटी काम करत नाही. तिच्या खाली धातूचा पत्रा लागतो. पाण्याकाठी उभ्या असलेल्या झाडाचे प्रतिबिंब पाण्यात पडते, आणि झाड दुप्पट लांब दिसते. त्याचप्रमाणे गाडीचा लोखंडी पत्रा अँटेनाचा उरलेला अर्धा भाग बनतो. म्हणून छताचा मध्य ही सर्वांत चांगली जागा. तेथून आवाज चारही दिशांना सारखा जातो. अँटेना एका कोपऱ्यावर बसवला, तर ज्या बाजूला पत्रा जास्त, त्या बाजूला तो अधिक जोराने बोलतो.

मोटारीच्या छतावर चुंबकाचा तळ असलेला अँटेना ठेवता येतो. त्याला भोक पाडावे लागत नाही. परंतु चुंबक लोखंडालाच चिकटतो, अॅल्युमिनियमला नाही. ट्रकवर बहुधा बाजूच्या आरशाच्या लोखंडी दांड्याला पट्टी बांधून अँटेना उभा करतात. तेथे एक काळजी घ्यावी लागते. पट्टी जेथे टेकते तेथला रंग खरवडून काढावा लागतो. रंगातून वीज जात नाही. वरून घट्ट दिसणारा सांधा आतून तुटलेलाच राहतो. अनेकदा अँटेना चांगला, यंत्र चांगले, आणि दोष मात्र नखाएवढ्या रंगाचा असतो.

यंत्रापासून अँटेनापर्यंत एक गोल केबल जाते. तिच्या मधोमध एक तार असते आणि भोवती तारांची जाळी असते. मधली तार आणि जाळी एकमेकींना कोठेही चिकटता कामा नये. केबल दारात चिरडू नये. ती इंजिनाच्या तारांपासून दूर न्यावी, नाहीतर बोलण्यात खरखर मिसळते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : अँटेना जोडल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबू नये. शक्तीला बाहेर जायला वाट नसली की ती यंत्राचेच नुकसान करते.

अँटेना बसवला म्हणजे काम संपले असे नाही. कव्वाली सुरू होण्यापूर्वी तबलजी हातोडीने तबला सुरात लावतो. तसाच अँटेनाही लहरीशी जुळवावा लागतो. त्यासाठी एस.डब्ल्यू.आर. नावाचे मीटर वापरतात. किती शक्ती बाहेर गेली आणि किती परत आली, हे त्यावरून कळते. मीटरचा आकडा 1 आला तर काहीच परत आले नाही. 1.5 आला तर शंभरातले 4 भाग परत आले. 2 आला तर सुमारे 11 भाग, आणि 3 आला तर 25 भाग परत आले. म्हणजे 4 वॉटपैकी 1 वॉट वाया गेला. 1.5 किंवा त्याखालचा आकडा उत्तम समजतात. 2 पर्यंत चालवून घेतात. 3 च्या वर आकडा असेल तर बोलूच नये.

मोजण्यासाठी गाडी मोकळ्या जागेत उभी करावी. जवळ भिंत, झाड किंवा दुसरी गाडी नसावी, कारण त्यांच्यामुळे मीटर चुकीचे दाखवते. दारे बंद करावी. यंत्र आणि अँटेना यांच्यामध्ये मीटर जोडावे. प्रथम 1 क्रमांकाचा चॅनल लावावा. तेथे कोणी बोलत नाही याची खात्री करावी. मग बटण दाबून मीटरचा काटा खुणेवर आणावा, आकडा वाचावा, लगेच बटण सोडावे. नंतर 40 क्रमांकाच्या चॅनलवर हेच करावे. दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्यावे.

आता या दोन आकड्यांचा अर्थ लावू. समजा, 1 क्रमांकावर 1.4 आणि 40 क्रमांकावर 2.2 आले. 40 क्रमांकाची लहर 1 क्रमांकाच्या लहरीपेक्षा थोडी आखूड असते. आपला अँटेना आखूड लहरीशी कमी जुळतो आहे. याचा अर्थ तो गरजेपेक्षा लांब आहे. तो थोडा आखूड करायला हवा. याउलट 1 क्रमांकावरचा आकडा मोठा आला, तर अँटेना आखूड आहे. तो वाढवायला हवा. दोन्ही टोकांना आकडे सारखे आले आणि मधल्या चॅनलवर सर्वांत लहान आकडा आला, की अँटेना जुळला. पण सगळीकडेच 3 पेक्षा मोठा आकडा आला तर काठीला हात लावू नये. तेथे दोष बहुधा सांध्यात, केबलमध्ये किंवा रंगात असतो.

बऱ्याच अँटेनांच्या टोकाला फिरवण्याचा स्क्रू असतो. तो आत-बाहेर केला की लांबी बदलते. काही अँटेना मात्र कापावे लागतात. येथे घाई करणारा फसतो. शिंपी काय करतो? आधी मापतो, मग कापतो. अँटेना जुळवणाऱ्याने तर प्रत्येक कापण्याआधी आणि नंतर मापले पाहिजे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच कापावे. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

या कामात सर्वांत मोठा धोका डोक्यावर असतो. अँटेना उभा करताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहावे. धातूची काठी तारेला लागली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. आकाशात विजा चमकत असताना हे काम करू नये. कोणी बोलत असताना अँटेनाला हात लावू नये.

आपल्या देशात बिनतारी यंत्रांचे नियम केंद्र सरकार ठरवते. ते अमेरिकेपेक्षा वेगळे आहेत. म्हणून गाडीवर असे यंत्र बसवण्यापूर्वी नियम विचारून घ्यावेत. पण तुम्हांला या विद्येची आवड असेल, तर एक चांगली वाट खुली आहे. हौशी बिनतारी, म्हणजे हॅम रेडिओची सरकारी परीक्षा वयाची 12 वर्षे पूर्ण झालेली मुले-मुली देऊ शकतात. 1993 साली लातूरजवळ किल्लारीला आणि 2001 साली गुजरातमध्ये भुजला भूकंप झाला, तेव्हा संकटात सापडलेल्या लोकांचे निरोप पोहोचवण्यासाठी हे हौशी लोक धावून गेले होते. त्यांनाही अँटेना असाच मापून जुळवावा लागतो.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रात्रीची वेळ आहे. बर्फात एक ट्रक घसरून रस्त्याकडेला उलटला आहे. चालकाचा पाय अडकला आहे. तो हात लांबवून बटण दाबतो आणि 9 क्रमांकावर हाक मारतो. त्याच्या यंत्रावरचा दिवा लागतो. हाक गेली असे त्याला वाटते. पण ती खरोखर गेली की केबलमधूनच परत आली, हे दिवा सांगत नाही. ते त्या दिवशी ठरलेले असते, ज्या दिवशी कोणीतरी मोकळ्या मैदानात गाडी उभी करून, रंग खरवडून, दोन आकडे कागदावर लिहून घेतलेले असतात.

संकटाच्या वेळी काम येणारी वस्तू संकट नसतानाच नीट करून ठेवावी लागते. गाडीवरची ही बोलकी काठी आपल्याला हेच सांगते.

स्वाध्याय

1. मोबाइल फोन असूनही काही ट्रकचालक सी.बी. रेडिओ का बाळगतात?
2. छताचा मध्य ही अँटेनासाठी सर्वांत चांगली जागा का मानली जाते?
3. एका अँटेनाचा आकडा 1 क्रमांकाच्या चॅनलवर 2.1 आणि 40 क्रमांकावर 1.3 आला. तो लांब आहे की आखूड? कारण लिहा.
4. ‘आधी मापावे, मग कापावे’ हे तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील कोणत्या कामाला लागू पडते? पाच-सहा वाक्ये लिहा.