गोदामाची राखण : कुत्रा पाळायचा तर नीट पाळा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे कापडाचा धंदा करणाऱ्यांना गोदामाची चिंता सांगायला नको. गाठी आत, आपण घरी. म्हणून पुष्कळ व्यापारी बांधव दाराशी कुत्रा ठेवतात. मात्र तो कुलूप विकत आणावे तसा आणला जातो. साखळी अडकवली, उरलेसुरले टाकले की झाले. मग एके दिवशी तोच कुत्रा हमालाला चावतो आणि दोष जनावराला दिला जातो. आमचे म्हणणे असे, की राखणीचा कुत्रा हा कामगार आहे. त्याला शिकवावे लागते आणि त्याचा हक्क द्यावा लागतो.

राखण, शिकार व गुरे यांसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत आहे. कुत्र्याची भांडी वेगळी ठेवावीत, नमाजाची जागा लांब असावी. पाकीचे बारकावे आपल्या मस्लकाच्या आलिमांना विचारावेत.

पिल्लू आणताना

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. दाट केसांचा विलायती कुत्रा पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाने हैराण होतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. आपल्या हवेत गावठी कुत्रा चांगला टिकतो. सावली आणि चोवीस तास स्वच्छ पाणी हवेच.

वयाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखते. हमाल, टेम्पो, हातगाडी, लूमचा खडखडाट हे सारे त्याला याच काळात हळूहळू दाखवावे. लसी पुऱ्या होईपर्यंत मोकाट कुत्र्यांत मात्र सोडू नये.

शिकवण

'ये', 'बस', 'थांब' हे शब्द पुरेत. मालक, मुले, वॉचमन सर्वांनी तेच शब्द वापरावेत. एका वेळी पाच-दहा मिनिटे शिकवावे. सांगितलेले केले की त्याच क्षणी घास द्यावा, उशिरा दिलेल्या घासाचा अर्थ त्याला कळत नाही. मारू नये. मार खाल्लेला कुत्रा भितो आणि भ्यालेला कुत्रा चावतो. त्याचे काम भुंकून जागे करण्याचे आहे, अंगावर जाण्याचे नाही. वॉचमनशी त्याची मैत्री असलीच पाहिजे.

खाणे

लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा द्यावे. भात-भाकरीबरोबर मांस किंवा अंडे हवे. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट त्याला विषारी आहेत. दावतीतली शिजलेली हाडे टाकू नयेत, ती फुटून आतड्यात रुततात.

साखळी आणि कायदा

रात्रंदिवस बांधलेला कुत्रा चिडखोर होतो. सकाळ-संध्याकाळ फिरवावे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड साखळी आणि बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परवान्याची चौकशी नगरपालिकेत करावी.

लस

पिल्लाला जंताचे औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून आणि पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास, पुढे डॉक्टर सांगतील तशी. कार्ड गोदामाच्या कागदांत ठेवावे.

कोणाला चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लसीचे सगळे डोस पुरे करावेत. रेबीजची लक्षणे दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हमाल गरीब असतो, त्याच्या उपचाराचा खर्च मालकाने करावा.

लस, डॉक्टर, खाणे हा खर्च वॉचमनच्या पगाराप्रमाणे वहीत मांडावा. तेवढी ऐपत किंवा वेळ नसेल तर चांगले कुलूप आणि जागा वॉचमन पुरे. मुक्या जिवाला उपाशी बांधून केलेल्या राखणीत बरकत नाही.