चंदनाचे गोत्र

म्हैसूर जिल्ह्यात कपिलेच्या काठी नंजनगूड वसले आहे. या मुलखातील चंदनास टिपू सुलतानाने 1792 साली राजवृक्ष ठरविले. पण हा सदाहरित राजा अर्धा परोपजीवी आहे. शेजारच्या झाडांच्या मुळांतून तो पाणी व क्षार शोषतो.

त्याच्या पानांतील हरितलवकांत सुमारे 1,44,000 अक्षरांची स्वतंत्र आनुवंशिक पोथी असते. बहुतेक फुलझाडांत ती मातृकुळाकडूनच येते, म्हणून गोत्र शोधण्यास ती उपयोगी. तीत प्रकाशसंश्लेषणास साहाय्य करणारा जनुकांचा एक गट लोपलेला आढळतो. बांडगुळांच्या पोथीतही तोच लोप दिसतो. दोघांचा गण एकच. देवासाठी उगाळावयाचे चंदन आणि आंब्यावरून छाटावयाचे बांडगूळ हे भाऊबंदच! म्हणूनच चंदन लावणाऱ्याने शेजारी तूर पेरावी. एकटे चंदन नीट वाढत नाही.