इस्पितळाची फरशी पुसणाऱ्यांचा पुढारी

घरातले माणूस इस्पितळात राहून बरे झाले की डॉक्टरांचे नाव आपण वर्षानुवर्षे घेतो. पण रात्री बेडपॅन कोणी दिले, चादर कोणी बदलली, पेज कोणी शिजवली, फरशी कोणी पुसली, हे विचारले तर सांगता येत नाही. अशा निनावी माणसांसाठी अमेरिकेत ज्यांनी आयुष्य वेचले, त्या लिऑन डेव्हिस यांची ही हकिगत.

डेव्हिस जन्माने ज्यू, आजच्या बेलारूसमधील पिन्स्क भागातले. पोरवयात ते अमेरिकेला आले आणि पुढे न्यूयॉर्कच्या औषधांच्या दुकानांत नोकरी करू लागले. १९३२ साली त्यांनी सहकाऱ्यांना जमवून कामगार संघटना उभी केली. पुढे ती ‘लोकल ११९९’ या नावाने प्रसिद्ध झाली. औषधे तयार करणारा फार्मासिस्ट आणि दुकान झाडणारा गडी या दोघांनाही एकाच संघटनेत जागा, हे तिचे धोरण. हार्लेम वस्तीतील दुकानदार कृष्णवर्णीय फार्मासिस्टांना कामावर घेत नसत. त्याविरुद्धही तिने १९३० नंतरच्या दशकात लढा दिला.

१९५८ च्या सुमारास डेव्हिस इस्पितळांकडे वळले. तेथील वॉर्डबॉय, आया, स्वयंपाकी, धोबी यांत बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले लोक. अनेकांना आठवड्याला ४० डॉलरही मिळत नसत. पूर्ण वेळ राबूनही कित्येक घरे सरकारी मदतीवर चालत. १९४७ च्या कामगार कायद्याने धर्मादाय इस्पितळांना वगळले होते, त्यामुळे दाद मागायला जागा नव्हती. विश्वस्त म्हणत, आम्ही नफा कमवत नाही, सेवा करतो; जादा पगार कोठून द्यावा? संघटनेचे उत्तर सरळ होते. मग या सेवेतला मोठा वाटा हे गरीबच पोटाला चिमटा घेऊन देत आहेत, आणि तोही त्यांना न विचारता!

पहिले यश माँटेफिओर इस्पितळात आले. १९५८ च्या डिसेंबरात तेथील कामगारांनी ६२८ विरुद्ध ३१ मतांनी संघटना पत्करली. इतर इस्पितळे मात्र बोलणीही करीनात. तेव्हा ८ मे १९५९ रोजी संप पुकारला गेला. तो ४६ दिवस चालला आणि सात इस्पितळांतले सुमारे साडेतीन हजार कामगार त्यात उतरले.

येथे कोणीही विचारील, आजाऱ्यांचे काय? हा प्रश्न खरा आहे. डॉक्टर, परिचारिका आणि स्वयंसेवक यांनी काम रेटून नेले, म्हणून इस्पितळे चालू राहिली. शेवटी तासाला किमान १ डॉलर आणि आठवड्याला ४० तासांचे काम एवढे पदरात पडले, पण संघटनेला मान्यता मिळाली नाही. १९६२ साली पुन्हा संप झाला. तो मागे घेण्याचा न्यायालयाचा हुकूम न मानल्याबद्दल डेव्हिस तुरुंगात गेले. १९६३ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला. शहरातील धर्मादाय इस्पितळांच्या कामगारांना संघटनेमार्फत पगार ठरवण्याचा हक्क मिळाला. त्याबरोबर संपाला बंदी आली आणि न मिटणारे वाद लवादाकडे सोपवायचे ठरले. १९६८ साली किमान पगार आठवड्याला १०० डॉलर झाला.

१९६९ साली दक्षिणेतील चार्ल्सटन शहरी इस्पितळातून १२ कृष्णवर्णीय कामगारांना काढून टाकले. चारशेहून अधिक कामगार, बहुतेक स्त्रिया, संपावर गेले. त्यांची पुढारी मेरी मोल्ट्री ही साधी परिचारिका-मदतनीस. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा त्यांच्यासोबत मोर्चात चालल्या. काढलेले कामगार परत घेतले गेले, पगारही वाढला. संघटनेला मान्यता मात्र तेथेही मिळाली नाही. १९७४ साली देशभरच्या धर्मादाय इस्पितळांना कामगार कायदा लागू झाला. त्यात एक शहाणपणाची अट आहे: संपापूर्वी १० दिवसांची नोटीस द्यायची, म्हणजे आजाऱ्यांची सोय लावता येते.

डेव्हिस १९८२ साली निवृत्त झाले. त्यानंतर संघटनेत भांडणे माजली आणि ती दुभंगली. ते दुःखही त्यांना पाहावे लागले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. चाळीस डॉलरच्या आयेला शंभर डॉलर मिळाले, ही त्यांची कमाई मात्र कोणाला पुसता आली नाही.

आपल्याकडेही धर्मादाय दवाखाने आहेत, आणि आपल्यातले काहीजण त्यांच्या समित्यांवर बसतात. औषधांचा साठा तपासताना त्यांनी पगाराची वहीही एकदा उघडून पाहावी. देणगी आपण देतो असे वाटत असेल, तर सर्वांत मोठी देणगी कोणाच्या घरातून येते, हे त्या वहीत दिसेल. इतरांनी पुढच्या वेळी आजाऱ्याला भेटायला जाताना निदान आयेचे नाव विचारावे.