सराई अमानतखान

पंजाबच्या तरनतारन जिल्ह्यात, पाकिस्तानच्या सरहद्दीजवळच्या सपाट गव्हाळ मुलखात, सराई अमानतखान नावाचे गाव आहे. सराईच्या आश्रयाने भोवताली वस्ती वाढावी हा सर्वत्रचा रिवाज. इथे मात्र गाव सराईच्या आवारातच शिरून नांदते आहे. आग्र्याहून लाहोरास जाणाऱ्या बादशाही सडकेवरील हा मुक्काम. म्हणूनच त्याच्या एका वेशीस दिल्ली दरवाजा आणि दुसरीस लाहोरी दरवाजा म्हणतात.

सराई बांधविणारा अमानतखान म्हणजे शिराजहून हिंदुस्थानात आलेला अब्दुल हक. ताजमहालावरील कुराणवचने ज्याच्या हस्ताक्षरात आहेत, तोच हा सुलेखनकार. शाहजहानाचा वजीर अफझलखान हा त्याचा भाऊ १६३९ साली लाहोरास निवर्तला, तेव्हा त्या शोकाने दरबाराचा संग सोडून तो इकडे आला आणि १६४०-४१च्या सुमारास ही वास्तू उभी राहिली. ताजवर त्याने बादशहासाठी अक्षरे रेखिली. येथील दरवाज्यावरचा लेख मात्र त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या इमारतीसाठी लिहिला, आणि माझ्या मते या स्थळाचे खरे माहात्म्य त्यातच आहे.

या गाळाच्या प्रदेशात दगड दुर्मिळ, म्हणून सारे बांधकाम विटांचे. परंतु विटांचे हे दारिद्र्य लाहोरच्या कारागिरांनी काशीकामाने असे झाकले की ते वैभवच वाटावे. प्रत्येक रंगाची झिलईदार फरशी निराळी भाजावयाची, तिचे आकृतीबरहुकूम तुकडे कापावयाचे आणि ते चुन्यात एकमेकांलगत बसवून पाने, फुले व वेली साधावयाच्या, अशी ती कष्टाची रीत. निळ्या-पिवळ्या रंगांचे ते काम दोन्ही दरवाज्यांवर आणि आतील मशिदीवर अद्याप तुकड्यातुकड्यांनी टिकून आहे.

मधल्या प्रशस्त चौकात उंट-बैल बांधावेत, तटालगतच्या ओवऱ्यांत वाटसरूंनी पथाऱ्या टाकाव्यात आणि दिवेलागणीस दरवाजे बंद व्हावेत, हा सराईंचा शिरस्ता. पुढे ब्रिटिश अमदानीत ग्रँड ट्रंक रस्ता उत्तरेकडून, अमृतसरवरून गेला. आणि १९४७ साली तर लाहोरच परदेशात गेले. वाटसरूंच्या जागी शेतकऱ्यांचे संसार आले. चौकात घरे व गोठे उभे राहिले, कित्येक ओवऱ्या त्यांत बुजून गेल्या. त्यास अतिक्रमण म्हणणे मला रुचत नाही, कारण माणसांना निवारा द्यावा याच हेतूने ही वास्तू जन्मास आली. मात्र दरवाज्यांवरील फरशा गळत आहेत, आणि ताजवरील अक्षरांची जी निगा राखली जाते तीच त्याच हाताच्या या अक्षरांची राखावयास हवी. तीही इथल्या कुटुंबांना न उठविता, त्यांच्याच साहाय्याने.