शिवार मोजायचं, पण साखळीच शिवाराची

आजचा विषय लांबचा वाटेल. आपल्या भोवतीची जागा आणि घड्याळातला काळ हे कशाचे बनलेत, हे शोधताना शास्त्रज्ञ एका ठिकाणी अडले आहेत. ती अडचण जमीन मोजणीच्या जातीची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

वाटणीच्या वेळी वेड्यावाकड्या शेताचे त्रिकोण पाडून, एकेकाचं क्षेत्र काढून बेरीज करतात, हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. सपाट रानात त्रिकोण चार पाडा नाहीतर चाळीस, बेरीज तीच यायला हवी. आता समजा रान उंचसखल आहे, आणि चढउताराला चिकटून अंथरायला ताडपत्री किती लागेल ते काढायचंय. लांब लांब खुंट्या ठोकून दोरी ताणली तर दोरी खड्ड्यांच्या वरूनच जाते. मोठे त्रिकोण खड्डे चुकवतात, ताडपत्री कमी पडते. बारीक त्रिकोण प्रत्येक खड्ड्यात उतरतात, पण ते मोजता मोजता दिवस मावळतो.

यावर एक युक्ती आहे. थोड्या भागात बारीक मोजून घ्यायचं आणि मोठे त्रिकोण पाडणाराला सांगायचं, "बाबा, या रानात दर मोठ्या त्रिकोणामागे इतकं वाढवून धर." बारकाईनं पाहिल्यावर जे कळलं, ते मोठ्या मापाच्या नियमातच भरून टाकायचं. याला शास्त्रात रिनॉर्मलायझेशन म्हणतात. शब्दाला घाबरू नका, हे काम तुम्ही दर महिन्याला करता. गटाच्या वहीत कुणी शेळीसाठी कर्ज घेतलं, कुणी पोराच्या फीसाठी, सगळं लिहिलेलं असतं. ग्रामसंघाकडे जाताना त्याची बेरीज होते, प्रभागसंघाकडे जाताना आणखी मोठी. शेळी वहीतच राहते, पण परतफेड वेळेवर होते का, हा आकडा वरपर्यंत टिकतो. एकेक पायरी चढताना काय गळतं, काय टिकतं आणि टिकलेला आकडा कसा बदलतो, याचा हिशेब म्हणजे ही विद्या.

ती जन्मली मात्र एका संकटातून. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाचं गणित मांडताना उत्तरं अनंत यायला लागली, म्हणजे निरर्थक. टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी १९४०च्या दशकात त्यातून वाट काढली, १९६५ साली नोबेल मिळालं. डिरॅकसारख्या थोर माणसाला मात्र ती वाट शेवटपर्यंत पटली नाही. केर चटईखाली सारल्यासारखं वाटायचं ते. खरा अर्थ पुढे केनेथ विल्सन यांनी उलगडला, त्यांना १९८२ साली नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं, की निसर्गातले आकडे तुम्ही किती जवळून बघता त्यावर अवलंबून असतात. विद्युत बळाचा जो आकडा एरवी १/१३७ येतो, तोच मोठ्या यंत्रात कण जोरात आदळून, म्हणजे फार जवळून पाहिला की साधारण १/१२८ भरतो. हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे.

आता गुरुत्वाकर्षण. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली सांगितलं, की गुरुत्वाकर्षण म्हणजे जागा आणि काळ यांचंच वाकणं. हे पुस्तकातच राहिलेलं नाही. मोबाईलवर रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांतली घड्याळं, वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून, दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात रस्ता कित्येक किलोमीटर चुकेल.

या गुरुत्वाकर्षणाला अणूंच्या जगाचे, म्हणजे क्वांटमचे नियम लावायला गेलं की पुन्हा अनंत उत्तरं येतात, आणि जुनी युक्ती चालत नाही. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत दोनचार आकडे दुरुस्त केले की भागत होतं. इथे जितकं खोल जावं तितके नवे आकडे लागतात आणि ते संपतच नाहीत. १९८०च्या दशकात हे गणितानं पक्कं झालं. हे सुटल्याशिवाय विश्वाच्या आरंभी काय झालं आणि कृष्णविवराच्या पोटात काय होतं, याचं भरवशाचं उत्तर देता येत नाही.

एक वाट अशी निघाली, की आपण मांडणीच चुकीची करतोय. रांगोळी काढताना खाली अंगण असतं. इतर सगळ्या बळांची गणितं अशीच आहेत: जागा हे अंगण, कण ही रांगोळी. पण आइन्स्टाइनचं म्हणणं खरं मानलं तर गुरुत्वाकर्षणाला खाली अंगणच नाही. ठिपके आणि रेषा, त्यांचंच अंगण बनलेलं. अशा विचाराला पार्श्वभूमी-निरपेक्ष म्हणतात.

या वाटेवरचं एक मोठं नाव आपल्याकडचं आहे. अभय अष्टेकर, जन्म १९४९, धुळे जिल्ह्यातलं शिरपूर. शिकागोत पीएच.डी. करून ते अमेरिकेतच प्राध्यापक झाले. १९८६ साली त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली. त्यावर कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांच्यासारख्यांनी लूप क्वांटम ग्रॅव्हिटी नावाचा सिद्धांत उभा केला. त्यात जागा अखंड नाही, फार फार बारीक तुकड्यांची आहे. किती बारीक? अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन घ्या आणि त्याच्या रुंदीचे एकावर वीस शून्यं इतके भाग करा. त्यातला एक भाग, जवळपास तेवढं ते माप. १९९२ साली या तिघांनी मिळून एक निबंध लिहिला, त्याच्या नावातच विणणं आणि धागे हे शब्द आहेत. लुगडं दुरून सलग दिसतं, जवळून सूत दिसतं, तशी ही कल्पना.

पण सूत आहे असं म्हणणं निराळं आणि त्या सुतापासून आपलंच लुगडं निघतं हे दाखवणं निराळं. माझ्या मते सगळी कसोटी इथेच आहे. बारीक तुकडे एकत्र केल्यावर आपल्या ओळखीची, चार मितींची, गुळगुळीत जागा परत मिळाली नाही, तर सिद्धांत कितीही देखणा असो, तो आपल्या जगाचा नाही. बारीककडून मोठ्याकडे न्यायची विद्या रिनॉर्मलायझेशन. आणि ती इथेच अडते. "बारीक" आणि "मोठं" ठरवायला माप लागतं. अंगण असतं तर त्यावर साखळी धरून सांगितलं असतं, हा तुकडा एक वीत, तो दहा वीत. इथे साखळीही त्याच शिवारातली. शिवार हललं की साखळी लांबते, आखडते. मग मोजायचं कशानं?

यावरचं उत्तर मला फार आवडतं. कॅनडातल्या पेरिमीटर इन्स्टिट्यूटमधल्या बियांका डिट्रिच यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलंय. लांबी विचारूच नका, फक्त तुकडे मोजा. काही छोटे तुकडे चिकटवून एक मोठा करा, आणि बघा, की मोठ्या तुकड्याला तोच नियम आकडे थोडे बदलून लागू होतो का. पुन्हा चिकटवा, पुन्हा बघा. करता करता नियम बदलायचा थांबला, तर तिथे चारच त्रिकोण पाडले काय नि चाळीस काय, बेरीज एकच येते. लांबी ही आधी धरायची गोष्ट नाही, ती शेवटी उत्तरातून निघते.

थोड्या वेगळ्या रस्त्यानं रेनाटे लोल, यान अँब्यॉर्न आणि येर्झी युर्किएविच यांनी कॉम्प्युटरवर त्रिकोणांच्या चार मितींतल्या भावंडांना हजारोंनी चिकटवून पाहिलं. पूर्वी अशा प्रयोगांत सगळं चुरगळून गोळा व्हायचं, नाहीतर फांद्याफांद्यांचं झुडूप. त्यांनी एकच अट घातली: आधी आणि नंतर यांचा क्रम मोडायचा नाही. तेवढ्यानं २००४ साली मोठ्या मापात चार मितींचं जग उभं राहिलं, अंगण न देता. या दोन्ही वाटांवर बायका पुढे आहेत, हेही मुद्दाम सांगते.

अजून कुठल्याही प्रयोगानं यातलं काही सिद्ध केलेलं नाही. तेवढं बारीक बघणारं यंत्रच नाही. काम चाललंय ते कागदावर आणि कॉम्प्युटरवर. २०१६ साली बेंजामिन बार आणि सेबास्टियन स्टाइनहाउस यांनी लूप सिद्धांताच्या एका सोप्या रूपात, जिथे सगळे तुकडे विटेसारखे ठोकळे धरले होते, अशी एक जागा सापडल्याची चिन्हं दाखवली. तिथे खुंटी थोडी इकडची तिकडे सरकवली तरी बेरीज जवळपास तीच राहते. पण खरं शिवार विटांचं नसतं. कसल्याही आकाराचे, वाकडेतिकडे तुकडे घेऊन तोच हिशेब करायचाय, आणि तो अजून कॉम्प्युटरलाही जड जातोय.