कापूस ते टी-शर्ट : एका अटीचा प्रवास

होस्टेलवर कुणी गाव विचारलं की मी 'जुना जालना' सांगते. 'मग नवा कुठंय?' हा पुढचा प्रश्न ठरलेला! कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा. 'जालना सोने का पालना' ही म्हण मात्र दोन्हीकडचे लोक सारख्याच अभिमानाने सांगतात. आज आम्हाला लोक ओळखतात ते बियाण्यांमुळे आणि लोखंडी सळयांमुळे. पण दिवाळीच्या सुमारास शहराबाहेर कुठल्याही रस्त्याने निघा, दोन्ही बाजूंना दिसतो तो कापूस. हा लेख त्या कापसाबद्दल आणि त्याच्या मागोमाग सातासमुद्रापलीकडून आमच्या शेतापर्यंत येणाऱ्या एका अटीबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी अंबड तालुक्यात मामाकडे गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर मामाने एक जाडसर वही पुढे टाकली. "इंग्रजी शाळेची पोर हाय, अक्षर चांगलं असंल. उद्या तपासायला येणार हायेत, एवढं भरून दे." वही म्हणजे शेतकऱ्याची नोंदवही. पेरणी कधी केली, खत किती टाकलं, कोणतं औषध किती वेळा फवारलं, पाणी किती दिलं, असे रकाने. जूनपासूनची सगळी पानं कोरी!

मी विचारलं, "मामा, फवारण्या किती झाल्या?"

"सहा झाल्या. तू चारच लिही. सहा बघितल्या की साहेब नाराज होतात."

"फवारताना हातमोजे, मास्क घातला होता का?"

"हो लिही."

मास्क आणि हातमोजे खुंटीला टांगलेले होते, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच. मी 'हो' लिहिलं. तासाभरात पाच महिन्यांच्या नोंदी तयार. हे काम मला अजिबात अवघड गेलं नाही, कारण आपण सगळे सबमिशनच्या आदल्या रात्री हेच करतो. उत्तर किती यायला हवं ते आधी बघायचं आणि रीडिंग्ज मागून काढायच्या. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, मामा पास झाला.

मामा कोणत्या कार्यक्रमात होता ते इथे लिहीत नाही. टिकाऊ शेतीचे असे कार्यक्रम बरेच आहेत. पण ती वही माझ्या डोक्यातून जाईना. ती नेमकी कुणासाठी होती? ते शोधताना जे समजलं ते तुमच्यासमोर मांडते.

अट कुठून सुटते?

आपल्या अंगातला टी-शर्ट उलट्या दिशेने मोजत जाऊ. दुकान, त्यामागे ब्रँड, मग कपडे शिवणारा कारखाना, कापड गिरणी, सूतगिरणी, जिनिंग, खेड्यावरचा व्यापारी आणि सगळ्यात शेवटी शेतकरी. ब्रँड आपला व्यवहार फार तर शिवणाऱ्या कारखान्याशी करतो. त्याखालच्या पायऱ्या त्याला बहुतेक वेळा दिसतही नाहीत. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार मेले. तेव्हा काही मोठ्या कंपन्यांना आपला माल त्या इमारतीत शिवला जातो हे आधी ठाऊकच नव्हतं. शिवणारा कारखाना जर दिसत नसेल, तर अंबड तालुक्यातलं शेत कुठून दिसणार?

तरी गिऱ्हाईक आणि संघटना जाब विचारतात तो ब्रँडलाच. म्हणून ब्रँड अट घालतो. कारखान्याला सांगतो, कारखाना गिरणीला सांगतो, अशी ती अट खाली सरकते. कापसात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे बेटर कॉटन इनिशिएटिव्ह. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्ग संरक्षण संस्था आणि स्वीडनमध्ये सुरू झालेली फर्निचरवाली आयकिया यांच्यासारख्यांच्या पुढाकारातून ते उभं राहिलं. २०१०-११ च्या हंगामात त्याचा पहिला कापूस निघाला आणि त्यात भारत होता. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाचं कापसावरचं काम आमच्या जालना जिल्ह्यातही झालं. २०१५ पासून आपला सगळा कापूस अधिक टिकाऊ मार्गाने पिकवलेला असतो असं आयकिया सांगते.

पद्धत साधी आहे. गावातल्या साधारण ३५ शेतकऱ्यांचा एक गट करतात. एक प्रशिक्षक गटाला भेटत राहतो. कमी पाणी, कमी विषारी औषधं, जमिनीची काळजी, मजुरांशी नीट वागणूक आणि स्वच्छ वेचणी हे विषय असतात. वेचणाऱ्या बायकांनी डोक्याला सुती फडकं बांधावं, कापूस प्लास्टिकच्या गोणीत भरू नये, कारण केस किंवा प्लास्टिकचा धागा रुईत गेला की तो पुढे कापडापर्यंत जातो.

यात औषधाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. मामाच्या खुंटीवरची ती पिशवी मला आठवते ती यामुळे.

सेन्सर आणि सापळा

आता मामाची दुसरी बाजू. वहीत खोटं लिहायला लावणाऱ्या याच मामाच्या शेतात कामगंध सापळे मात्र खरोखर लावलेले होते, एकरी दोन. सापळ्यात मादी पतंगाच्या वासासारखा वास असलेली गोळी असते. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग त्या वासाने येतात आणि अडकतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन रात्री सापडले, तर फवारणीची वेळ आली असं समजायचं. त्याच्या आत असेल तर औषध वाया.

मित्रांनो, हे आपलं कंट्रोल सिस्टिमच आहे की! सापळा म्हणजे सेन्सर, आठ पतंग म्हणजे सेट पॉइंट, फवारणी म्हणजे आउटपुट. पूर्वी मामा शेजाऱ्याने फवारलं की फवारायचा, म्हणजे सिस्टिम फीडबॅकशिवाय चालू होती. सापळे लावल्यापासून दोन फवारण्या वाचल्या असं तो सांगतो. पूर्वी आठ व्हायच्या, त्या सहावर आल्या. ही खरी सुधारणा होती, आणि मी ती वहीत खोडून चार लिहिली होती!

मामाने सापळे का लावले आणि मास्क का नाही घातला? सापळ्याने त्याच दिवशी पैसे वाचतात. ऑक्टोबरच्या उन्हात मास्क लावला तर श्वास कोंडतो, आणि त्याचा फायदा लगेच दिसत नाही. नागपूर आणि आदिलाबाद भागात वागेनिंगेन या डच विद्यापीठाने २०१९ ते २०२२ मध्ये बेटर कॉटनच्या शेतकऱ्यांचा अभ्यास केला. त्यातही सगळ्यात ठळक बदल दिसला तो कीटकनाशकांवरच्या खर्चात. तो बराच कमी झाला होता. म्हणजे अट जिथे शेतकऱ्याच्या खिशाच्या बाजूने असते तिथे ती शेतात उतरते. जिथे ती नुसती दूरच्या गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असते तिथे ती वहीत उतरते.

कापूस कुणाचा, कागद कुणाचा?

एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. रुईची एक गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. जिनिंगच्या आवारात शेकडो शेतकऱ्यांचा कापूस एकाच गंजीत पडतो, त्यातून मामाचा बोंडभर कापूस वेगळा काढणं शक्य नाही.

यावर हिशेबाची एक युक्ती आहे. साताऱ्याकडच्या पवनचक्कीची वीज ग्रिडमध्ये जाते. आपल्या रूममधली ट्यूब नेमक्या त्याच विजेवर पेटते असं कुणी म्हणत नाही. पण जितकी वीज आत गेली तितकीच 'पवनऊर्जा' म्हणून विकता येते. बेटर कॉटनही असंच चाललं. ब्रँडने जेवढ्या टनांचा दावा केला तेवढा कापूस कुठेतरी त्या पद्धतीने पिकलेला असतो, पण तुमच्या शर्टात तोच असेल असं नाही. माल प्रत्यक्ष शोधता येईल अशी सोय त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू केली.

हिशेब कागदावर असला की कागदाची चोरीही होते. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाच्या 'गॉट्स' या जागतिक मानकाच्या तपासणीत भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाची खोटी प्रमाणपत्रं सापडली.

आणि पैसा? ब्रँड घेतलेल्या कापसाच्या प्रमाणात जी फी देतात, ती प्रशिक्षणासारख्या कामांवर खर्च होते. शेतकऱ्याला जास्त भाव मिळेलच अशी हमी बेटर कॉटनमध्ये नाही. मामाचा अनुभव तर असा, "व्यापारी वही बघत नाय, कापसाची ओल बघतो." अट आठ पायऱ्या उतरून आली, तिचा मोबदला मात्र वाटेतच थांबला.

आपला काय संबंध?

तुम्ही म्हणाल, आम्ही मेकॅनिकलवाले, आम्हाला कापसाशी काय करायचंय? पण हीच अट आता सगळीकडे येते आहे. सेबीने २०२२-२३ पासून देशातल्या पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि समाजाबद्दलचा ठरावीक अहवाल सक्तीचा केला. युरोपने बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम वगैरेंच्या कार्बनचा हिशेब ऑक्टोबर २०२३ पासून मागायला सुरुवात केली, आणि २०२६ पासून त्यावर पैसेही मोजावे लागतात. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळया होतात, त्या मुख्यतः देशातल्याच बांधकामांत जातात. पण युरोपला माल पाठवणारा कारखाना आपल्या पुरवठादाराला विजेचा हिशेब विचारणार, आणि तो त्याच्या पुरवठादाराला.

ते फॉर्म पाठवणारे आणि भरणारे आपणच असणार आहोत. व्हेंडर डेव्हलपमेंट, क्वालिटी, परचेस, आपल्यातले निम्मे तिथेच नोकरीला लागतील. तेव्हा खालच्या माणसाकडे वही पाठवण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत असं मला वाटतं. या अटीचा खर्च कोण करणार? ती पाळल्याने त्याचा काय फायदा? आणि त्याने खरं लिहिलं तर त्याला शिक्षा होणार की मदत? तिसऱ्याचं उत्तर 'शिक्षा' असेल, तर आपल्या हातात मागून काढलेल्या रीडिंग्जच येणार.

यंदा मामाला फोनवर सांगितलंय, जेवढ्या फवारण्या होतील तेवढ्याच लिही, आणि ज्या वाचल्या त्याही लिही. तो हसला. म्हणाला, "लिहितो. पण साहेब आला की समजवायला तूच ये." दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहे.